व्यंगचित्र झोंबलं की सरकारं अशी का वागतात?

अर्धविराम
फेब्रुवारी २०२५ मधलं एक प्रकरण अजून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

अमेरिकेने बेकायदा राहणाऱ्या भारतीयांना हातापायात बेड्या घालून लष्करी विमानाने परत पाठवलं. त्यावर 'विकटन' या तमिळ नियतकालिकाच्या डिजिटल अंकात व्यंगचित्र आलं. ट्रम्पशेजारी खुर्चीत आपले पंतप्रधान, आणि बेड्या त्यांनाच. चार-पाच दिवसांत 'विकटन'ची अख्खी वेबसाइट उघडेनाशी झाली. खटकलेलं चित्र एक आणि कुलूप सगळ्या वाड्याला. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : तुम्ही ते पान तूर्त काढा, सरकारने साइट खुली करावी.

मला तमिळचं ओ की ठो कळत नाही. साइट बंद झाली नसती तर हे चित्र मी जन्मात पाहिलं नसतं. बंद झाल्यावर दोन तासांत ते मला तीन ग्रुपवर आलं.

माझा प्रश्न साधा आहे. सरकारवर रोज हजार लेख पडतात, ते कुणी वाचतही नाही. मग चार रेघांचं चित्रच एवढं का झोंबतं? आणि काहीही न करता गप्प बसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय असताना तोच कुणाला का सुचत नाही?

कृपया पक्षीय धुणी धुवू नका.

तिरपागडे
धुणी धुवायची नाहीत तर धाग्यावर वाळत काय घालायचं?

कोरी_पाटी
जागा पकडून ठेवतेय. संध्याकाळी वाचते.

शाईचा_डाग
'का झोंबतं' यावर लिहितो. मी स्वतः बरी-वाईट चित्रं काढतो, त्यामुळे आतली बाजू थोडी माहीत आहे.

लेखाला उत्तर देता येतं. आकडा चुकला, संदर्भ तोडला, लेखक विकला गेलाय, काहीही म्हणता येतं. चित्राचा खुलासा करणार कसा? 'माझं नाक एवढं मोठं नाही' असं पत्रक काढलं की लोक आधी नाक बघतात.

फ्रान्समधला १८३१ चा किस्सा बघा. राजा लुई-फिलिप गालांनी सुटलेला, वर निमुळता. शार्ल फिलिपाँ नावाच्या संपादकावर राजाच्या बदनामीचा खटला चालला. त्याने कोर्टात राजाचा चेहरा टप्प्याटप्प्याने बदलत चार चित्रांत दाखवला. पहिल्यात राजा, चौथ्यात निव्वळ पेर, म्हणजे नासपतीचं फळ. मग म्हणाला, यातल्या कुठल्या चित्रापासून गुन्हा सुरू होतो ते सांगा, नाहीतर पेरालाच शिक्षा द्या. शिक्षा त्यालाच झाली. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरंटोरं खडूने पेर काढायला लागली. पेर काढायला चित्रकला यावी लागत नाही, गंमत तिथे आहे. त्याच सुमारास दोमिए या चित्रकाराने राजाला गरिबांच्या पैशांच्या टोपल्या गिळणारा राक्षस दाखवलं, त्यालाही पुढे तुरुंगात बसावं लागलं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो १८३५ चा कायदा. छापील मजकुराला आधी परवानगी नको आणि चित्राला मात्र हवी. लेख वाचायला अक्षरओळख लागते, चित्र निरक्षरालाही कळतं. सरकारने स्वतःच लिहून दिलं की भीती कशाची आहे.

वकिली_बाणा
धागाकर्त्याच्या 'काहीही न करणं' या प्रश्नावर. सरकार म्हणजे एक माणूस नसतो हे आधी लक्षात घ्या. बहुतेक प्रकरणं मंत्रालयातून सुरूच होत नाहीत. कुणीतरी तक्रार देतो. ठाण्यातला अधिकारी विचार करतो : गुन्हा नाही नोंदवला तर वरून फोन येईल, नोंदवला तर फार तर कोर्ट ताशेरे मारेल. तो गुन्हा नोंदवतो.

असीम त्रिवेदीचं प्रकरण आपल्याकडचंच. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारेंचं उपोषण वांद्रे-कुर्ला संकुलात होतं, तिथली चित्रं. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे आणि खाली 'भ्रष्टमेव जयते'. तक्रार एका वकिलाची. सप्टेंबर २०१२ मध्ये अटक, कलम १२४अ म्हणजे थेट राजद्रोह, शिवाय राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान, शिवाय आयटी कायद्याचं ६६अ. पठ्ठ्याने आधी जामीनच नाकारला. महिनाभरात सरकारनेच राजद्रोह मागे घेतला.

म्हणजे काही न करणं त्यांना सुचतं, पण अटकेनंतर.

सावळागोंधळ
२०१२ ला महाराष्ट्रात कुणाचं सरकार होतं, तेही लिहा ना. की ते लिहिलं की अडचण होते?

वकिली_बाणा
काँग्रेस-राष्ट्रवादीचं. अडचण कसली? त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंगालात तृणमूलच्या राज्यात जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचं चित्र ई-मेलने पुढे पाठवलं म्हणून अटक झाली. काढलं नव्हतं हो, नुसतं पुढे पाठवलं होतं. ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं, तरी त्यांची पूर्ण सुटका झाली जानेवारी २०२३ मध्ये. पावणेअकरा वर्षं. २०१७ मध्ये तमिळनाडूत अण्णाद्रमुकचं राज्य असताना बाला या व्यंगचित्रकाराला अटक. २०२५ मध्ये इंदूरच्या हेमंत मालवीय यांच्यावर गुन्हा, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं, पण चित्र काढून टाकून माफी मागायला लागलीच. तिथे भाजप. अजून कुठला पक्ष राहिला असेल तर सांगा, शोधतो.

तिरपागडे
अशी सर्वपक्षीय एकजूट एरवी फक्त आमदारांच्या पगारवाढीला दिसते.

धोंडूतात्या
नेहरूंचा काळ वेगळा होता. व्यंगचित्रकार शंकर यांचं साप्ताहिक 'शंकर्स वीकली' १९४८ साली त्यांच्याच हस्ते सुरू झालं आणि ते शंकरना म्हणाले होते, मलाही सोडू नका. शंकरनी सोडलंही नाही. आज असं बोलणारा एक तरी दाखवा.

सावळागोंधळ
तात्या, त्याच नेहरूंनी १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून अभिव्यक्तीवर जास्तीची बंधनं आणली. व्यंगचित्रावर हसणारा पंतप्रधान आवडतोच, पण कायदा तिजोरीत ठेवून हसणं सोपं असतं.

धोंडूतात्या
मान्य. तरी हसले होते ना?

जुना_जुळारी
माझं वय आता बहात्तर. आणीबाणीत मी एका जिल्हा दैनिकात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला होतो. नाव लिहीत नाही, मालकांची नातवंडं अजून धंद्यात आहेत.

चित्र तेव्हा थेट छापता येत नसे. कागदावरच्या चित्राचा ब्लॉकमेकरकडून जस्ताचा ठसा करून आणायचा, लाकडी ठोकळ्यावर बारीक चुका ठोकून बसवायचा आणि मजकुराबरोबर चौकटीत आवळायचा. ठसा महाग, म्हणून चित्र आठवड्यातून एकच. पानाचं ओलं प्रूफ घेऊन मी सायकलवर सेन्सॉरच्या अधिकाऱ्याकडे जायचो. सज्जन माणूस, मूळचा कुठल्या तरी दुसऱ्याच खात्यातला. बातम्यांवर तो भराभर लाल पेन्सिल चालवायचा. चित्रापाशी आला की पेन्सिल थांबायची.

एकदा चित्र होतं कोंबड्याचं. कोंबडा चोचीवर बोट ठेवून उभा, मागे सूर्य उगवलाय. खाली ओळ नाही, काही नाही. अधिकाऱ्याने प्रूफ सरळ बघितलं, आडवं बघितलं, मग मला विचारलं, "यात काय म्हणायचंय?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही साहेब, मी फक्त जुळवतो. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, पण मी लिहू काय?" कारणाच्या रकान्यात त्याला लिहावं लागणार होतं की कोंबडा म्हणजे कोण. ते लिहिणं त्याच्याने होईना. शेवटी त्याने चित्रावर नुसती फुली मारली आणि रकाना कोरा ठेवला. वर बजावलं, जागा मोकळी सोडू नका, मोकळी जागाही लोक वाचतात. आम्ही तिथे खतांची जाहिरात टाकली.

धागाकर्त्याने विचारलंय ना का झोंबतं? त्या माणसाला चित्र पूर्ण कळलं होतं. त्याची अडचण तीच होती.

शाईचा_डाग
काका, उभं राहून नमस्कार. तो ठसा पुढे कुठे गेला?

मीनल_ग
+१ जुळारीकाका. 'मोकळी जागाही लोक वाचतात' हे डायरीत लिहून ठेवलं.

गंमत म्हणजे त्याच आणीबाणीत अबू अब्राहम यांचं चित्र 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये छापून आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसून दारातून आलेल्या वटहुकुमावर सही करताहेत आणि म्हणताहेत, आणखी असतील तर जरा थांबायला सांगा. डिसेंबर १९७५. हे कसं काय निसटलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. उलट 'शंकर्स वीकली' ऑगस्टमध्येच बंद झालं होतं. हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, हिटलरच्या सगळ्या वर्षांत एक चांगलं व्यंगचित्र झालं नाही, असं शंकरनी निरोपाच्या अंकात लिहिलं होतं.

पूर्वा१९
हिटलरवरून : इंग्लंडचा डेव्हिड लो. त्याची चित्रं जर्मनांना इतकी झोंबली की १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स तिकडे जाऊन आल्यावर लोला जरा सबुरीने घे म्हणून सांगण्यात आलं. म्हणजे परक्या सरकारची भीड म्हणून आपलं सरकार आपल्या चित्रकाराला आवरतं. लोने हिटलर आणि मुसोलिनी मिसळून एक 'मझलर' नावाचं पात्र काढलं आणि तेवढ्यावर वेळ मारून नेली. 'विकटन'च्या प्रकरणात पण दुसऱ्या देशाचा अध्यक्ष चित्रात होताच की.

ओबडधोबड
सगळेच एका सुरात गाताहेत म्हणून वेगळं लिहितो. शिव्या पडल्या तरी चालतील.

२०१२ मध्येच एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या चित्रावरून रान उठलं होतं. शंकर यांचं १९४९ चं चित्र : गोगलगाय म्हणजे राज्यघटना, तिच्यावर बाबासाहेब बसलेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे, भोवती जमाव बघतोय. बचाव असा की चाबूक बाबासाहेबांच्याही हातात आहे, दोघे मिळून गोगलगायीला हाकताहेत, आणि घटनेला तीन वर्षं का लागली ते शेजारी नीट समजावलंय. सगळं खरं. पण वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या आमच्या पोराला आधी काय दिसतं? गोऱ्या माणसाच्या हातातला चाबूक आणि पुढे बाबासाहेब. १९४९ च्या दिल्लीतल्या वाचकाला जे हसू आलं ते त्याला का यावं? चित्र निरक्षरालाही कळतं असं वर शाईचा_डाग म्हणाले. कळतं, पण ज्याच्या त्याच्या पाठीवरच्या वळांप्रमाणे कळतं.

म्हणजे बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी 'लोकांना विनोद कळत नाही' म्हणून मोकळं होऊ नका.

मीनल_ग
ओबडधोबड, शिव्या कशाला पडतील? मी ते पुस्तक दोन वर्षं शिकवलंय, म्हणून थोडं.

तुम्ही म्हणता तसा प्रश्न वर्गात एका मुलीने विचारला होता, वाद व्हायच्या आधी. "मॅडम, बाबासाहेब बघा कसे बसलेत आणि हे मागून मारताहेत." मग पाऊण तास त्यावरच गेला. घटना समितीला दोन वर्षं अकरा महिने अठरा दिवस का लागले, मसुद्यावर किती दुरुस्त्या आल्या, चित्रकाराचा चष्मा कुणाचा होता, सगळं निघालं. तिला चित्र आवडलं नाहीच, शेवटपर्यंत. पण त्या धड्यातलं तेवढंच तिला लक्षात राहिलं असणार.

सरकारने काय केलं? संसदेत गदारोळ झाला आणि त्याच दिवशी मंत्र्यांनी चित्र काढायचं जाहीर केलं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पुस्तकाच्या सल्लागारपदाचे राजीनामे दिले, दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोड. मग थोरात समिती बसली आणि इतरही बरीच चित्रं काढा म्हणाली. समितीत एम. एस. एस. पांडियन एकटे वेगळं मत देऊन बसले. आक्षेप एका चित्रावर होता, साफसफाईत पुढाऱ्यांवरची बाकीची चित्रंही आली. तुमचं दुखणं पुढे करून पुढाऱ्यांनी स्वतःची सोय करून घेतली, माझा राग त्यावर आहे.

ओबडधोबड
हे मात्र पटलं. आमच्या नावावर त्यांचा हिशेब मिटवला.

सावळागोंधळ
[प्रतिसाद संपादित]

संपादक मंडळ
वरील प्रतिसादातील व्यक्तिगत शेरा आणि जोडलेले चित्र काढले आहे. सदस्यांनी विषयाला धरून लिहावे.

तिरपागडे
व्यंगचित्रांवरच्या धाग्यावरून व्यंगचित्र उडवलं! संपादक मंडळ, कलम कितवं लावलंत ते तरी सांगा.

कोरी_पाटी
संध्याकाळ म्हणता म्हणता तिसरा दिवस उजाडला. उडवलेलं चित्र काय होतं? आता मला बघायचंच आहे.

अर्धविराम
कोरी_पाटी, हाच तर धाग्याचा विषय :)

पूर्वा१९
सरकार-सरकार करतोय आपण, पण रस्त्यावरची माणसं विसरलो. सप्टेंबर २०२० मध्ये कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल शिवसैनिकांनी मारलं, डोळा सुजवला. तोही कुठला पक्ष? ज्याचे संस्थापक 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रं काढायचे आणि ज्याची पाळंमुळं १९६० च्या 'मार्मिक'मध्ये, म्हणजे चक्क व्यंगचित्रांच्या साप्ताहिकात. आणि २०१६ मध्ये त्याच घरच्या 'सामना'ने मराठा मोर्चांवर 'मुका' शब्दाची कोटी करून चित्र छापलं तर 'सामना'वरच दगड आले आणि उद्धव ठाकऱ्यांना माफी मागावी लागली. एकाच घराने दोन्ही बाजू बघितल्या.

माझा आतेभाऊ फोनवर चित्रं काढून टाकायचा, चांगली असायची. २०२१ मध्ये व्यंगचित्रकार मंजुल यांना ट्विटरकडून आलेली नोटीस त्याने वाचली, भारतातल्या यंत्रणांनी तुमच्या खात्यावर आक्षेप घेतलाय म्हणून. त्याला स्वतःला काहीच झालं नाही, कुणी फोन केला नाही. आता तो मांजरी काढतो.

शाईचा_डाग
मांजरीही सुरक्षित नाहीत, त्याला सांगा. तुर्कस्तानात व्यंगचित्रकार मूसा कार्त यांनी तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांना लोकरीच्या गुंत्यात अडकलेलं मांजर दाखवलं तर दंड झाला, तो पुढे रद्द झाला. त्यावर 'पेंगुएन' या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एर्दोआनांचं तोंड लावून बेडूक, उंट, माकड, हत्ती, जिराफ असं प्राणिसंग्रहालयच छापलं. एर्दोआनांनी ४०,००० लिरांचा दावा ठोकला आणि हरले. मात्र २०१६ मध्ये कार्त यांना तुरुंग पाहावाच लागला.

आणि १९०३ चं अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. गव्हर्नर पेनिपॅकर यांना एक चित्रकार सारखा पोपट काढायचा. तर विधिमंडळात विधेयक आलं, माणसाला पशू किंवा पक्षी म्हणून चितारायचं नाही. वॉल्ट मॅकडूगल या दुसऱ्या चित्रकाराने लगेच गव्हर्नरना बिअरचा मग काढलं आणि बाकीच्या मंडळींना झाड, बटाटा वगैरे. विधेयकात भाजीपाल्याचा उल्लेख नव्हता! ते त्या रूपात बारगळलं, त्याऐवजी बदनामीचा एक कायदा आला, तोही १९०७ मध्ये गेला.

तिरपागडे
बटाटा हा शब्द यापुढे या संस्थळावर जपून वापरावा.

वकिली_बाणा
हसून झालं असेल तर एक मराठी भाषेशी संबंधित गोष्ट. त्रिवेदी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निकाल दिला. त्यात न्यायालयाने म्हटलं की या चित्रांत विनोद नाही, उपहास नाही, नुसता संताप आणि तिटकारा आहे. पण तेवढ्याने राजद्रोह होत नाही, हिंसेला चिथावणी लागते. चित्र वाईट असण्याचाही हक्क आहे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

न्यायालयाने पोलिसांसाठी सूचना काढायला लावल्या. राज्य सरकारने ऑगस्टमध्ये मराठीत परिपत्रक काढलं आणि त्यातून नेमका उलटा बोध होत होता, मंत्री-लोकप्रतिनिधींवर टीका केली तरी राजद्रोह लागेल असा. ओरड झाल्यावर भाषांतराकडे बोट दाखवलं गेलं. ऑक्टोबरमध्ये परिपत्रक मागे घेतलं. नागरिकाला वाचवायला दिलेला निकाल भाषांतर होता होता त्याच्याच अंगावर आला.

राजद्रोहाचं कलम मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी १५२ आहे. पण आजकाल अटकेची गरजच कमी. आयटी कायद्याच्या ६९अ खाली साइट बंद करता येते आणि ती कारवाई गोपनीय. जुळारीकाकांच्या अधिकाऱ्याला निदान कोऱ्या रकान्याची लाज वाटली. आता रकानाच दिसत नाही.

धोंडूतात्या
प्रेषितांवरच्या डॅनिश व्यंगचित्रांबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

अर्धविराम
तात्या, तो विषय श्रद्धेचा, स्वतंत्र धागा लागेल. सरकारपुरतं बोलायचं तर २००५ मध्ये अकरा देशांच्या राजदूतांनी भेट मागितली आणि डॅनिश पंतप्रधानांनी नाकारली, वर्तमानपत्र माझ्या हाताखाली नाही म्हणून. त्याची किंमत पुढे देशाने मोजली. म्हणजे गप्प बसणं स्वस्तच असतं हे माझं पहिल्या पोस्टमधलं वाक्य सरसकट खरं नाही. मागे घेतो.

तरी घरगुती प्रकरणांत ते बहुतेकदा खरं आहे असं अजून वाटतं. मलेशियाचा व्यंगचित्रकार झुनार याच्यावर नऊ आरोप ठेवले होते, मिळून ४३ वर्षं कैद होऊ शकली असती. २०१८ मध्ये सरकार बदललं आणि आरोप मागे घेतले. आता त्या पंतप्रधानांचं नाव काढलं की मला आधी झुनारची चित्रं आठवतात.

मीनल_ग
तमिळनाडूवर परत येते, कारण 'विकटन'ला हे नवं नाही. १९८७ मध्ये 'आनंद विकटन'च्या मुखपृष्ठावर व्यासपीठावरच्या दोघांचं चित्र होतं. यातला आमदार कोण आणि मंत्री कोण? पाकीटमारासारखा दिसतो तो आमदार, दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. विधानसभेने हक्कभंग म्हणून संपादक बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची शिक्षा दिली, आरडाओरड झाली तशी काही दिवसांतच सोडावं लागलं. अडतीस वर्षांनी तेच घराणं आणि तोच प्रकार.

कोरी_पाटी
सगळं वाचून काढलं. सावळागोंधळ, ते चित्र व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

सावळागोंधळ
पाठवलं. बटाटा नाहीये त्यात, घाबरू नका.

जुना_जुळारी
चार दिवस इकडे आलो नव्हतो, डोळ्याचं ऑपरेशन होतं. शाईचा_डाग यांनी ठशाचं विचारलं होतं. छापला नाही म्हणून ठसा आठवडाभर माझ्या खिळ्यांच्या खोक्याखाली पडून होता. महिनाअखेरीला मालक सगळे जुने ठसे गोळा करून वजनावर घालायचे, जस्ताला भाव होता. कोंबडा त्यातच गेला. लाकडी ठोकळा तेवढा मी ठेवून घेतला, दाराला अडण लावायला बरा पडतो.